कारागिराच्या शेजारचे स्टूल : मूरफील्ड्सच्या कॉन्टॅक्ट लेन्स विभागाची वाटचाल

नेत्रतज्ज्ञांच्या स्मरणिकेत लंडनच्या रुग्णालयाचा, त्यातही त्याच्या एका विभागाचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारण्याआधीच उत्तर देऊन टाकतो. आपल्याकडच्या नेत्रवैद्यकाची वंशावळ मागे मागे नेत गेलो तर ती मूरफील्ड्सच्या दारात जाऊन पोचते. १८०५ साली जॉन कनिंगहॅम सॉन्डर्स या तरुण शल्यविशारदाने लंडनमध्ये डोळ्याकानांचा दवाखाना काढला. नेपोलियनच्या फौजांशी लढायला इजिप्तला गेलेले शिपाई तिथून खुपऱ्यांची साथ घेऊन परतले होते, आणि कालपर्यंत बंदूक धरणारे हात आता भिंत चाचपडत होते. ईस्ट इंडिया कंपनीलाही आपल्या फौजेच्या डोळ्यांची काळजी होती. तिने या दवाखान्यात तयार झालेले डॉक्टर हिंदुस्थानात धाडले. १८१९ मध्ये मद्रासचे नेत्र रुग्णालय सुरू झाले, पुढच्या काही वर्षांत मुंबई आणि कलकत्त्यालाही असेच डॉक्टर आले. पुढे विसाव्या शतकात डीओ किंवा एफआरसीएस करायला बोटीने आणि मग विमानाने लंडनला गेलेल्या आपल्या ज्येष्ठांची पिढीच्या पिढी होऊन गेली.

मूरफील्ड्सच्या शस्त्रक्रियांवर पुष्कळ लिहून झाले आहे. कॉन्टॅक्ट लेन्स विभागाकडे मात्र इतिहास लिहिणारे सहसा वळत नाहीत, कारण डॉक्टर मंडळींच्या मनात ते काम थोडे खालच्या पायरीवरचे. ऑपरेशन करणारा तो डॉक्टर, लेन्स बसवणारा तो चष्मेवाला, अशी एक न बोललेली उतरंड आपल्याकडेही आहे आणि तिकडेही होती. या विभागाने ती काही काळ मोडली. डॉक्टरला लेन्स घडवणाऱ्या कारागिराच्या शेजारी स्टूल घेऊन बसावे लागले. तो जोवर बसत होता तोवर या विषयाचे शिक्षण खरे झाले, आणि तो उठला तेव्हा त्याची किंमत रुग्णांच्या डोळ्यांनी मोजली, असे माझे मत आहे. पुढचा इतिहास त्याच अंगाने सांगतो.

लेन्सचा जन्म काही लंडनचा नव्हे. झुरिकमध्ये काम करणाऱ्या अडॉल्फ फिक या जर्मन डॉक्टरने १८८८ मध्ये ‘कॉन्टॅक्टब्रिले’वर लेख लिहिला. सशाच्या आणि मृत माणसाच्या डोळ्यांचे प्लास्टरचे साचे घेऊन त्याने त्यावरून काचेच्या वाट्या करून घेतल्या. त्या आधी सशांना, मग स्वतःला आणि मग रुग्णांना घालून पाहिल्या. त्याच सुमारास पॅरिसला यूजीन काल्ट हा शंकूसारखे पुढे आलेले बुबुळ काचेने दाबून सपाट करायच्या खटपटीत होता. १८८९ मध्ये कील विद्यापीठाच्या ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्याने स्वतःच्याच उणे १४ नंबरच्या डोळ्यांसाठी लेन्स करवून घेतली. डोळा कोकेनने बधिर करूनही ती त्याला अर्ध्या तासावर सोसवेना. प्रबंध पुरा करून हा गृहस्थ डोळ्यांना रामराम ठोकून हाडांचा डॉक्टर झाला. त्याला दोष तरी कसा द्यावा!

यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षे गोगलगायीच्या चालीने गेली. जर्मनीत झाइस कंपनी काचेच्या तयार वाट्यांचे संच करू लागली, पण त्यात एक मूळ गफलत होती. डोळ्याचा पांढरा भाग म्हणजे चेंडू नव्हे. नाकाकडे त्याचा उतार वेगळा, कानाकडे वेगळा. तयार गोल वाटी कुठेतरी रुतायची, कुठेतरी अधांतरी राहायची. हे ओळखून जिवंत माणसाच्या डोळ्याचाच साचा घ्यायचा, ही गोष्ट बुडापेस्टच्या जोसेफ डालोश या नेत्रतज्ज्ञाने रुळवली. नेगोकोल नावाच्या गरम करून वापरायच्या लगद्याने तो डोळ्याचा ठसा घेई आणि त्यावरून काच घडवी. लेन्स डोळ्यासाठी असते, डोळा लेन्ससाठी नव्हे, हे शिकवणारा पहिला माणूस म्हणून त्याचे नाव घ्यायला हरकत नाही.

त्याला लंडनला आणण्यात इडा मान या बाईंचा मोठा वाटा होता. त्या मूरफील्ड्सच्या पहिल्या महिला कन्सल्टंट. गर्भातल्या डोळ्याची वाढ हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि स्लिट लॅम्पवर त्यांची विलक्षण हुकमत. बुडापेस्टमध्ये काय चालले आहे हे त्यांनी हेरले आणि १९३७ मध्ये डालोश लंडनला आला. कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये हॅम्बलिन या चष्म्याच्या पेढीच्या आधाराने त्याचे काम सुरू झाले. स्वतः डॉक्टर असलेला हा माणूस काच तापवत, घासत, पॉलिश करत बसे, आणि लंडनचे मान्यवर नेत्रतज्ज्ञ आपापले रुग्ण घेऊन त्याच्याकडे येत. डॉक्टर आणि कारागीर एकाच अंगरख्यात, असे ते दृश्य. त्याच्याबरोबर हंगेरीहून आलेल्या जॉर्ज निसेलने पुढे स्वतःचा लेन्सचा कारखाना काढला. इडा मान यांचे नशीब त्यांना पार ऑस्ट्रेलियाला घेऊन गेले. ऑक्सफर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक होऊन १९४९ मध्ये त्या पर्थला गेल्या आणि तिथल्या मूळ रहिवाशांमधल्या खुपऱ्यांच्या मागे लागल्या. मूरफील्ड्स ज्या रोगापायी जन्मले त्याच रोगाशी.

युद्धानंतर सगळेच बदलले. १९४८ मध्ये ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. लंडनची तीन जुनी नेत्र रुग्णालये मूरफील्ड्सच्या नावाखाली एक झाली. जड स्ट्रीटवरच्या इमारतीत इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी उघडली आणि सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर तिचे पहिले संचालक झाले. मुंबईच्या आणि पुण्याच्या डॉक्टरांना मूरफील्ड्स म्हणजे हे जोडघर ठाऊक होते, एकीकडे रुग्ण, दुसरीकडे व्याख्याने. वैद्यकीय कारण असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स रुग्णालयातून मिळण्याची सोय झाली, आणि १९५०च्या सुमारास फ्रेडरिक रिडली यांच्या हाताखाली हाय होबर्नच्या शाखेत हा विभाग उभा राहिला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण रिडली दोन आहेत आणि आपले विद्यार्थी त्यांची नेहमी गल्लत करतात. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवणारे ते हॅरॉल्ड रिडली. त्यांनी १९४९ मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात ते धाडस केले. आपले रिडली वेगळे. यांची सुरुवात झाली अलेक्झांडर फ्लेमिंगच्या प्रयोगशाळेत. फ्लेमिंगने अश्रूंमध्ये जंतू विरघळवणारे लायसोझाइम शोधले होते. रिडलींनी त्यावर काम केले आणि १९२८ मध्ये अश्रूंतल्या लायसोझाइमवर निबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास फ्लेमिंगच्या बशीत पेनिसिलिनची बुरशी उगवली, तेव्हा त्या बुरशीच्या रसातून औषध वेगळे काढायच्या पहिल्या, फसलेल्या खटपटीत स्टुअर्ट क्रॅडॉकबरोबर हेच रिडली होते. अश्रू जंतूंना कसे मारतात याचा अभ्यास केलेला माणूस पुढे अश्रूंच्या थरावर तरंगणाऱ्या लेन्सचे शिक्षण देणार होता. अशी तयारी असलेला गुरू कुठल्याही विभागाला क्वचितच मिळतो.

रिडलींच्या हाताखालचे काम कसे चाले ते जरा जवळून पाहू. डोळ्यात बधिर करणारे थेंब. मग मधोमध पोकळ दांडी असलेली, बारीक भोके पाडलेली प्लास्टिकची वाटी पापण्यांखाली सरकवायची. रुग्णाने दुसऱ्या डोळ्याने समोरच्या खुणेकडे टक लावून पाहायचे. दाताच्या डॉक्टरांकडे असते ते अल्जिनेट पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता, सिरिंजने त्या दांडीतून आत सोडायचे. मिनिटभरात ते धरते. या मिनिटात रुग्णाची नजर हलली की सगळे मुसळ केरात. मग वाटी अलगद बाहेर काढायची, साच्यात प्लास्टर ओतायचे, आणि हाती येते त्या एका माणसाच्या, त्या एका डोळ्याची प्रतिकृती. त्यावर तापवून मऊ केलेला पर्स्पेक्सचा पत्रा दाबायचा, कडा कापायच्या, मग कानस, मग लेथ, मग पॉलिश. बुबुळावर लेन्स टेकू नये म्हणून आतून केसाएवढी खरवड. डोळ्यात घालून पाहायची, तासाभराने पुन्हा पाहायची, कुठे रुततेय ते हेरून परत बाकावर न्यायची. एकेका लेन्सला अशा कित्येक फेऱ्या.

या फेऱ्यांत डॉक्टरला शिकायला मिळे. लेन्सच्या कडेखालची, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची शीर फिकी पडली म्हणजे कड दाबते आहे. चार तासांनी दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसू लागले म्हणजे बुबुळाला हवा कमी पडून ते सुजते आहे. या धूसरपणाला तेव्हा ‘सॅटलरचा पडदा’ म्हणत. त्यावर डालोश आणि नॉर्मन बिअर यांनी लेन्सला सुईएवढे छिद्र पाडायचा तोडगा १९४०च्या दशकात काढला. छिद्रातून अश्रूंची ये-जा होई. हे छिद्र नेमके कुठे पाडायचे ते पुस्तकात वाचून येत नसे.

विभागात येणारे रुग्ण हौशी नव्हते. केराटोकोनस (शंकूसारखे पुढे आलेले बुबुळ) झालेले तरुण, जळलेल्या किंवा कोरड्या ठाक पडलेल्या डोळ्यांचे लोक. त्यांच्यासाठी रिडलींनी डोळ्याला चिकटून बसणारी पातळ ढालच काढली. नजर सुधारण्यापेक्षा उघडे पडलेले बुबुळ झाकणे हे तिचे काम.

आणि मोतीबिंदू काढलेले रुग्ण. आपल्यातल्या पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल, आजोबांचे ऑपरेशन झाले की घरी तो जाड भिंगाचा चष्मा येई. सगळे जग जवळजवळ पाव पटीने मोठे दिसायचे, पेल्यात ओतलेले पाणी बाहेर सांडायचे, पायरी कुठे संपते ते कळायचे नाही. एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर त्या चष्म्याने दोन चित्रे जुळतच नसत. भिंग बुबुळावर नेऊन ठेवले की हा फरक दहा टक्क्यांच्या आत येई. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या तान्ह्या बाळाला तर चष्मा लावणार कुठे? अशा बाळांसाठी कॉन्टॅक्ट लेन्स आजही बिनतोड उपाय आहे, आणि बाळाच्या आईला ती रोज घालायला-काढायला शिकवणे हे डॉक्टरच्या शिकण्यातले एक अवघड प्रकरण. हॅरॉल्ड रिडलींचे डोळ्यातले भिंग सर्वमान्य व्हायला दोन-अडीच दशके गेली. त्या मधल्या काळाचा भार फ्रेडरिक रिडलींच्या विभागाने आणि तशाच इतरांनी वाहिला.

रिडलींनंतर माँटेग्यू रुबेन यांच्याकडे सूत्रे आली. यांचा काळ म्हणजे लेन्सच्या जगातली उलथापालथ. अमेरिकेत केव्हिन टुओहीने १९४८ मध्येच फक्त बुबुळावर बसणारी लहान प्लास्टिक लेन्स काढली होती. ती आता सर्वत्र पसरली. साच्याची गरज उरली नाही, आणि त्या जागी एक नवे वाचन शिकावे लागले. न्यूयॉर्कच्या थिओडोर ऑब्रिगने १९३०च्या दशकाअखेर दाखवून दिले होते की डोळ्यात फ्लुओरेसिनचा पिवळा रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहिले तर लेन्सखालचा अश्रूंचा थर हिरवा चमकतो. थर जिथे जाड तिथे गडद हिरवा, लेन्स जिथे टेकली तिथे काळे. लेन्स बुबुळापेक्षा सपाट असेल तर मधोमध काळा डाग आणि कडेला हिरवे तळे, खोलगट असेल तर उलट. केराटोकोनसमध्ये शंकूच्या टोकाला निसटता स्पर्श आणि दोन्ही कडांना हलका आधार, असे तीन टेकू साधायचे. शेतकरी ढग पाहून पावसाचा अंदाज बांधतो तसे हे वाचन नजरेत बसावे लागते. शिवाय यात एक चकवा आहे. सुमारे २० मायक्रॉनपेक्षा पातळ थर आपल्या डोळ्याला काळाच दिसतो. म्हणजे काळे दिसले की लेन्स टेकलीच, असे छातीठोक म्हणता येत नाही. नवशिक्याला हे पचायला वेळ लागतो, आणि जुन्या माणसाने शेजारी बसून ‘थांब, पुन्हा पापणी मिटू दे, आता बघ’ म्हटल्याशिवाय ते पचतही नाही.

तेवढ्यात प्रागहून मऊ लेन्स आली. ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी पाणी धरून ठेवणारे प्लास्टिक शोधले होते. त्याची माहिती १९६०ला ‘नेचर’मध्ये छापून आली. सरकारने काम बंद पाडले तेव्हा विख्टर्लेने १९६१च्या नाताळात घरच्या टेबलावर मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून फिरत्या साच्यात लेन्स ओतल्या. १९७१ मध्ये अमेरिकेने त्या विकायला परवानगी दिली. ब्रिटनमध्ये जॉन डी कार्ल यांनी भरपूर पाणी धरणारी, दिवसरात्र डोळ्यात राहणारी लेन्स केली. ऑपरेशन झालेल्या थरथरत्या हातांच्या म्हाताऱ्यांना रोज लेन्स काढ-घाल करायची सक्ती नको, हा त्यामागचा हेतू रास्तच होता. रुबेन यांनी या सगळ्यांचा अनुभव घेतला आणि १९७५ मध्ये कॉन्टॅक्ट लेन्सवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यात नंबरासाठीच्या लेन्सबरोबर औषधोपचाराच्या आणि डोळ्याचे व्यंग झाकणाऱ्या लेन्सना बरोबरीचे स्थान होते. ऑप्टिक्स, पदार्थविज्ञान आणि पॅथॉलॉजी एका दावणीला बांधायचा हा प्रयत्न होता.

पण मऊ लेन्सने नकळत एक नुकसान केले. ती इतकी सोशिक की कुणीही कुणाच्याही डोळ्यात घालावी आणि ती बसावी. फ्लुओरेसिन तिच्यात मुरते, म्हणून ते वाचन गेले. ट्रायल सेटमधून एक उचलायची, पापणीची उघडझाप झाली की किंचित सरकते ना ते पाहायचे, खालच्या पापणीने ढकलून सोडली की जागेवर परत येते ना ते पाहायचे, झाले. दहा मिनिटांचे काम. डॉक्टरला वाटू लागले की यात शिकण्यासारखे काय आहे? ते स्टूल रिकामे झाले. डॉक्टर ऑपरेशन थिएटरकडे वळला आणि लेन्स दुकानाकडे. १९८०च्या दशकात झोपेतही काढायची नाही अशा लेन्सची जाहिरातबाजी जोरात होती.

मग संसर्ग आले. न्यू इंग्लंडमध्ये केलेली पाहणी १९८९ला प्रसिद्ध झाली. दिवसा घालून रात्री काढायच्या मऊ लेन्स वापरणाऱ्यांत दर दहा हजारांमागे वर्षाला ४.१ जणांच्या बुबुळाला जंतुसंसर्गाची जखम होत होती. झोपेतही न काढणाऱ्यांत हा आकडा २०.९ निघाला. अमेरिकेत त्याच वर्षी सलग ३० दिवसांची मुदत सात दिवसांवर आणली गेली. मूरफील्ड्समध्ये जॉन डार्ट आणि फिओना स्टेपलटन यांनी हाच प्रश्न लंडनच्या रुग्णांवर तपासला. १९९१ला ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासाने लेन्सच्या प्रकाराप्रमाणे धोका कसा बदलतो ते दाखवले. पुढे प्राणवायू भरपूर जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या, रोज फेकून द्यायच्या लेन्स आल्या, आणि सगळ्यांना वाटले आता सुटलो. डार्ट यांनी २००८ मध्ये पुन्हा हिशेब मांडला. संसर्गाचे प्रमाण काही घटले नव्हते. रोज फेकायच्या लेन्समध्ये दृष्टी जाण्याचा धोका मात्र कमी होता.

यातला सर्वांत वाईट शत्रू म्हणजे अकँथामिबा. हा पाण्यातला अमीबा. प्रतिकूल परिस्थिती आली की कवच करून बसतो, क्लोरीनला दाद देत नाही. बुबुळात शिरला की वेदना एवढ्या की डोळ्यात दिसणाऱ्या खुणांशी त्यांचा मेळ बसत नाही, आणि तरीही नवखा डॉक्टर त्याला हर्पिस सिम्प्लेक्सचा विषाणू समजून आठवडेच्या आठवडे चुकीचे उपचार करतो. १९७४ला ब्रिटनमधून या रोगाचे वर्णन झाले. औषधाने तो बरा झाल्याची पहिली नोंद १९८५ची, मूरफील्ड्सच्याच पीटर राइट आणि सहकाऱ्यांची. तीही दुकानात सहज मिळणाऱ्या ब्रोलीन थेंबांनी, सोबत निओमायसिन देऊन. १९९२ मध्ये पोहण्याच्या तलावात वापरतात त्या पीएचएमबी या जंतुनाशकाचे अगदी सौम्य थेंब डार्ट, लार्किन आणि किल्विंग्टन यांनी उपयोगात आणले.

ब्रिटनमध्येच हा रोग जास्त का? तिथल्या पुष्कळ घरांत न्हाणीघरातल्या नळाला माळ्यावरच्या साठवणटाकीचे पाणी येते. टाकीत क्षार, क्षारावर जंतू, जंतूंवर अमीबा. रुग्णाच्या डोळ्यातला अमीबा आणि त्याच्या नळातला अमीबा एकच असल्याचे दाखवून झाले आहे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी पिणाऱ्या आपल्या शहरांनी हे दोनदा वाचावे. २०१८ मध्ये मूरफील्ड्सने जाहीर केले की २०११ पासून आग्नेय इंग्लंडमध्ये हे रुग्ण तिपटीच्या आसपास वाढले आहेत. लेन्स घालून पोहणे, अंघोळ करणे, हात नीट न धुणे ही कारणे पुन्हा तीच. या रोगातून गेलेल्या रुग्णांनी पुढाकार घेऊन लेन्सच्या डबीवर चिकटवायचे ‘पाणी नको’ असे चित्र असलेले लेबल काढले. डॉक्टरांना सुचायला हवे होते ते रुग्णांना सुचले!

या संकटाने प्रशिक्षणाचे स्वरूप पालटले. लेन्स बसवणे हा धड्याचा लहान भाग झाला, आणि त्यानंतरची देखभाल मोठा. हात धुतलेस ते दाखव. धुऊन कोरडे केलेस का? ओल्या हातांनी लेन्स धरलीस तर नळाचे पाणी डोळ्यात गेलेच. लेन्स तळहातावर बोटाने चोळून मग सोल्यूशनने खळखळून काढतोस की नुसती डबीत टाकतोस? कालच्या सोल्यूशनमध्येच आजचे ओततोस का? २००६ मध्ये फ्युझेरियम बुरशीची साथ सिंगापूर आणि अमेरिकेत झाली आणि एक नावाजलेले सोल्यूशन जगभरातून मागे घ्यावे लागले, तेव्हा उरलेल्या सोल्यूशनवर नवे ओतत राहण्याची सवयही तपासाच्या पिंजऱ्यात उभी राहिली. डबी उपडी करून वाळवतोस की बेसिनच्या कडेला ओलीच ठेवतोस, तेही विचारायचे. रुग्णाने ‘हो, हो’ म्हटले तरी त्याच्याकडून करून घेऊनच पाहायचे. वरची पापणी उलटून आतल्या गाठी पाहिल्याशिवाय त्याला सोडायचे नाही. हा धडा वरवर शाळकरी वाटतो, पण तो शिकवू शकणारा डॉक्टर तयार करायला वर्ष-दोन वर्षे लागतात. मोठ्या पदव्यांच्या माणसांना हात धुण्यावर बोलायला संकोच वाटतो, हेही त्याचे एक कारण असावे.

शिकवणाऱ्यांतही बदल झाला. आज या विभागात लेन्स बसवण्याचे बरेचसे काम आणि बरेचसे शिकवणे ऑप्टोमेट्रिस्ट करतात. केन पुलम यांनी तर बाद झाल्यात जमा असलेली, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स पुन्हा जिवंत केली. १९८३ मध्ये पर्थच्या डॉन इझिकिएल यांनी ती हवा जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची करता येते हे दाखवले होते (पुन्हा पर्थ, इडा मान यांचे गाव!). आता साच्याऐवजी डोळ्याच्या पृष्ठभागाचा नकाशा यंत्र काढते आणि लेथ संगणकावर चालतो. तरी लेन्स डोळ्यात अर्धा तास ठेवून, ती किती रुतली ते स्लिट लॅम्पच्या फटीतून मोजणे काही सुटलेले नाही. बुबुळ न बदलता, शस्त्रक्रियेशिवाय दिसू लागलेले केराटोकोनसचे रुग्ण पाहिले की शल्यविशारदही या खोलीत डोकावतात. रुग्णालय आता सिटी रोडची जुनी वास्तू सोडून सेंट पँक्रासच्या नव्या घरी जायच्या बेतात आहे.

आणि आपण? मध्य भारताच्या नेत्रपाहणीसाठी नागपूरच्या परिसरातल्या खेड्यांत हजारो माणसे तपासली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के निघाले. बुबुळाची वक्रता ४८ डायॉप्टरच्या वर गेली की केराटोकोनस, अशी त्या पाहणीची ढोबळ कसोटी होती. ती सोडून काटेकोर मोजले तर आकडा खाली येईलही, पण उरेल तोही थोडा नसेल. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या पाहणीत तिथल्या आशियाई लोकांत हा आजार गोऱ्यांच्या चौपट आणि कमी वयात दिसला होता. हे आपलेच भाऊबंद, सतत डोळे चोळणारे, अ‍ॅलर्जीने बेजार. क्रॉसलिंकिंगने आजार थांबतो, पण वाकडे झालेले बुबुळ त्याने सरळ होत नाही. दिसण्यासाठी लेन्स लागतेच, तीही बहुधा कडक, फ्लुओरेसिन वाचून बसवायची. अकँथामिबाचे आपले बरेचसे रुग्ण तर लेन्स न वापरणारेच असतात. शेतात डोळ्यात माती उडालेली असते किंवा पाण्याचा फवारा गेलेला असतो. म्हणजे लेन्सच्या खोलीत शिकलेली नजर लेन्सबाहेरही उपयोगी पडते.

आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या विषयाला व्याख्यान असते, परीक्षेत एखादी टीपही येते. केराटोकोनसचा विद्यार्थी मात्र जिल्ह्याच्या गावाहून लेन्ससाठी पुणे, मुंबई नाहीतर हैदराबाद गाठतो, कारण जिल्ह्यात कडक लेन्सचा ट्रायल सेट कपाटात असला तरी तो उघडून शेजारी बसवून शिकवणारा कुणी नसतो. आपल्यापैकी ज्यांना ते वाचन येते त्यांनी महिन्यातून एक दिवस आपला ट्रायल सेट आणि निळा दिवा घेऊन दोन तरुण डॉक्टर नि दोन ऑप्टोमेट्रिस्ट यांना एकाच टेबलाशी बसवावे. खर्च फ्लुओरेसिनच्या पट्ट्यांचा आणि चहाचा.